हृदयरोगाची पारख



आपल्या मराठी भाषेत हृदयाइतका मान दुसऱ्या एखाद्या इंद्रियाला क्वचितच मिळाला असेल. भीतीने आपल्या छातीत धडकी भरते, दुःखाने काळजाला घरे पडतात, अभिमानाने ऊर भरून येतो, आणि एखादा मनुष्य धाडसी निघाला की तो वाघाच्या काळजाचा आहे असे आपण म्हणतो. ह्यातील गंमत अशी की, 'काळीज' ह्या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असा आहे. पुढे बोलण्याच्या ओघात तो हृदयाला चिकटला, तो कायमचाच. साहित्यात असा सैलपणा शोभून दिसतो. परंतु हृदय खरोखरच दुखू लागते तेव्हाही आपण त्याच्या दुखण्याला असेच भलत्याचे नाव देतो. छातीत कळ आली की आपण म्हणतो, 'पित्त झाले असेल', 'वायू धरला असेल', 'उसण भरली असेल'. पुष्कळदा ते खरेही असते. ज्या वेळी ते खरे नसते, त्या वेळी मात्र एका चुकीच्या शब्दापायी काही तास वाया जातात, आणि ते तास पुन्हा मिळत नाहीत.

आज हृदयरोगांची यादी आपल्यापुढे वाचून दाखवण्याचा माझा हेतू नाही. हृदयाचा आजार ओळखतात कसा, कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि ह्या कामात रुग्णाचा व त्याच्या घरच्या माणसांचा वाटा किती मोठा असतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

त्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू. पन्नाशी नुकतीच ओलांडलेले एक गृहस्थ नोकरीनिमित्त मराठी मुलखापासून दूर, उत्तरेकडील एका शहरात राहतात. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे. एके दिवशी भरपेट जेवण करून, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन ते जिना चढू लागले, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचतात न पोचतात तोच छातीच्या मधोमध काहीतरी आवळल्यासारखे झाले. ते कठड्याला टेकून उभे राहिले. तीन-चार मिनिटांत सर्व शांत झाले. घरात येऊन त्यांनी ओवा आणि सैंधव चघळले, ढेकर आला, आणि निदान पक्के झाले : पित्त! पुढील आठवड्यात पुन्हा तसेच घडले. 'जेवणानंतरच होते, म्हणजे पित्तच ते,' असे त्यांनी पत्नीला समजावून सांगितले. ह्या गृहस्थांना आपण आजच्या भाषणात बरोबर ठेवू.

आता हृदयाची रचना थोडक्यात पाहू. प्रत्येकाचे हृदय साधारणपणे त्याच्या मुठीएवढे असते. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. ते मिनिटाला सुमारे ७० ठोके देते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख. आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे दिवसाला ७००० लिटरांहून अधिक. ह्या इंद्रियाला आपण चार खोल्यांचा वाडा म्हणू. दोन खोल्या वर, दोन खाली. ह्या वाड्याच्या भिंती म्हणजे हृदयाचे स्नायू. खोल्यांची दारे म्हणजे झडपा. त्या एकाच बाजूला उघडतात, म्हणून रक्त मागे परतत नाही. ठरलेल्या वेळी भिंतींना आकुंचन पावण्याचा हुकूम देणारी एक विजेची यंत्रणा ह्या वाड्यात आहे. आणि वाड्याला स्वतःचे पाण्याचे नळ आहेत. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते खरे, पण स्वतःच्या स्नायूंसाठी ते आपल्या खोल्यांतून वाहणारे रक्त वापरू शकत नाही. महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन बारीक रक्तवाहिन्या, म्हणजेच हृद्रोहिण्या, त्याला रक्त पोचवितात.

भिंती, दारे, तारा आणि नळ ह्या चारही गोष्टी स्वतंत्रपणे बिघडू शकतात. एकाची दारे बिघडतात, पण नळ स्वच्छ असतात. दुसऱ्याचे नळ तुंबतात, पण दारे उत्तम चालतात. म्हणूनच 'हृदयरोग' हे एका रोगाचे नाव नाही, आणि म्हणूनच सर्व हृदयरोग ओळखणारी एकच एक तपासणी असू शकत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

आपल्या गृहस्थांची तक्रार नळांची होती, असे आज आपण तर्काने म्हणू शकतो. हा तर्क प्रथम ज्याने मांडणीबद्ध केला त्याच्याजवळ एकही यंत्र नव्हते. विल्यम हेबरडन ह्या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे एक निबंध वाचला. तो १७७२ साली छापला गेला. काही माणसांना चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर चालताना, छातीत विलक्षण कष्टदायक कळ येते आणि ती माणसे उभी राहताच ती नाहीशी होते, असे त्याने नोंदविले. ह्या दुखण्याला त्याने दिलेले 'अँजायना' हे नाव आजही सर्व जगात चालते. त्या वेळी विद्युत्-आलेख नव्हता, क्ष-किरण नव्हते, छातीला लावण्याची नळीदेखील नव्हती. कळ हृद्रोहिण्या अरुंद झाल्याने येते, हे त्या निबंधात आलेले नाही. त्याने रुग्णांना प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे नीट ऐकली, एवढेच. अडीचशे वर्षांनंतरही निदानाची पहिली पायरी तीच आहे.

ह्या पायरीवर डॉक्टर काय विचारतात? कळ कोठे येते, आणि ती बोटाने दाखवता येते की तळहाताने? टाचणी टोचल्यासारखी आहे, की ओझे ठेवल्यासारखी? कशाने येते, कशाने थांबते? किती वेळ टिकते? डाव्या हातात, मानेत, जबड्यात वा पाठीत जाते काय? जी कळ एका बोटाने नेमकी दाखवता येते, दीर्घ श्वास घेतल्याने किंवा त्या जागी दाबल्याने वाढते, क्षणभर चमकून जाते, ती बहुधा हृदयाची नसते. उलट जी छातीच्या मध्यभागी पसरून येते, आवळते, दाबते, श्रमाने सुरू होते आणि विसाव्याने काही मिनिटांत थांबते, तिच्याकडे हृदयाची म्हणूनच पाहिले पाहिजे. भरल्या पोटी पचनासाठी अधिक रक्त लागते आणि हृदयाचे काम वाढते. म्हणून जेवणानंतर चालताना कळ येणे ही गोष्ट पित्ताच्या बाजूची साक्ष ठरत नाही. ती हृदयाच्याही बाजूची असू शकते. आपल्या गृहस्थांनी तीच साक्ष उलटी वाचली होती.

मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आजारपणात माणसाला परकी भाषा साथ देत नाही. घरी आपण सहज म्हणतो, 'छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटते', 'जीव घाबरा होतो', 'ऊर दाटून येतो'. परगावच्या डॉक्टरांपुढे मात्र ह्या साऱ्याचे 'छातीत दुखते' एवढेच होते, आणि निदानाला उपयोगी असा तपशील नेमका गळून पडतो. संकोच न करता आपली उपमा जशीच्या तशी सांगावी, शब्द अडला तर हाताने दाखवावे. सॅम्युअल लेव्हिन ह्या अमेरिकन हृदयतज्ज्ञाच्या ध्यानात आले होते की, पुष्कळ रुग्ण ही कळ सांगताना नकळत मूठ आवळून छातीच्या मध्यावर धरतात. ही खूण त्याच्या नावाने ओळखली जाते. ती सर्वच रुग्णांत दिसत नाही. पण जेथे दिसते तेथे ती कोणत्याही भाषेत कळते.

ह्याच्या उलट, हृदयाचे दुखणे कळेविनाही येऊ शकते. मधुमेह असलेल्यांना, वृद्धांना आणि स्त्रियांना पुष्कळदा छातीत दुखण्याऐवजी एकाएकी धाप लागणे, घाम फुटणे, मळमळणे, जबड्यात वा पाठीत ठणकणे, पूर्वी नसलेला विलक्षण थकवा येणे अशीच लक्षणे दिसतात. 'जरा गळून गेल्यासारखे वाटते' असे म्हणून घरातील स्त्री पुन्हा स्वयंपाकघरात जाते, आणि तिच्या बोलण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हृदयविकार हे पुरुषांचे दुखणे आहे ही समजूत चुकीची आहे. घरच्या पुरुषाच्या छातीतील कळेला जितके महत्त्व देतो, तितकेच ह्या वाक्यालाही दिले पाहिजे.

बोलणे झाले की डॉक्टर नाडी पाहतात, रक्तदाब मोजतात, पाय सुजले आहेत काय हे बघतात आणि छाती तपासतात. छातीवर बोटाने ठोकून आतील स्थिती ओळखण्याची रीत लेओपोल्ड आउएनब्रुगर ह्या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ साली मांडली. तो एका खानावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिंपात दारू किती शिल्लक आहे हे ठोकून ओळखण्याची युक्ती त्याने घरी पाहिली होती, असे सांगतात. आपल्याकडे मडके घेताना गृहिणी ते वाजवून पाहते, त्यातलाच हा प्रकार. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक ह्या डॉक्टरांकडे हृदयाची तक्रार घेऊन एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला ते स्पष्ट ऐकू येते, ह्याची त्यांना आठवण झाली. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक छातीवर ठेवले व दुसऱ्यास कान लावला. कानाने ऐकू आले असते त्याहून अधिक स्पष्ट ठोके त्यांना ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म तो हा.

ह्या नळीने वाड्याची दारे तपासता येतात. झडप नीट मिटली की स्वच्छ ठोका उमटतो. ती अरुंद झाली किंवा गळू लागली की ठोक्यांच्या मध्ये खळखळ अथवा सूत्कार ऐकू येतो. त्याला मर्मरध्वनी म्हणतात. आपल्या देशात ह्या तपासणीचे महत्त्व विशेष आहे. लहानपणी घसा सुजतो, काही आठवड्यांनी ताप येऊन सांधे धरतात, सांधे बरे होतात, पण तोच ताप हृदयाच्या झडपांवर कायमची खूण ठेवून जातो. पुढे विशी-तिशीत धाप लागू लागते तेव्हा त्या तापाची कोणाला आठवणही नसते. घशाच्या त्या संसर्गावर वेळीच पेनिसिलीनचा उपचार झाला, तर हा पुढचा सारा अनर्थ टळू शकतो.

ह्या विषयात आपल्या देशात ज्यांनी पायाभूत काम केले त्यांत डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती ह्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला आणि २०२० साली दिल्लीत त्यांचे निधन झाले. सांधेवाताच्या तापाने होणाऱ्या हृदयरोगाचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. १९५९ साली त्यांनी व त्यांच्या एका सहकाऱ्याने दिल्लीतील १२७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसे निकामी होत गेल्यामुळे ज्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला होता, असे हे रुग्ण. त्यांत धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही मोठ्या प्रमाणावर होत्या. कारण शोधता शोधता बोट गेले ते चुलीच्या धुराकडे. हृदयाचे निदान करावयाचे तर रुग्ण कोठे राहतो आणि दिवसभर कशाचा धूर श्वासात घेतो हेही विचारावे लागते, हा धडा त्या पाहणीने दिला.

आता यंत्रांकडे वळू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक सूक्ष्म विद्युत्-प्रवाह निर्माण होतो. तो टिपून कागदावर रेखाटण्याचे खात्रीचे यंत्र विलेम आइंटहोव्हेन ह्या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी लायडन येथे तयार केले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवावयास पाच माणसे लागत, आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. इतके अवजड यंत्र रुग्णालयात नेता येईना, म्हणून १९०५ साली सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णाच्या हृदयाची स्पंदने प्रयोगशाळेत आणली गेली. १९२४ साली आइंटहोव्हेन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम हातात मावणारे यंत्र करते, आणि खेड्यातील रुग्णाचा आलेख फोनवरून शहरातील तज्ज्ञांकडे क्षणात पोचतो.

ह्यालाच आपण ईसीजी अथवा कार्डिओग्राम म्हणतो. तो वाड्यातील तारांची हकीकत फार चांगली सांगतो : ठोके नियमित आहेत की नाहीत, हुकूम कोठे अडतो. हृदयाच्या झटक्याच्या वेळी स्नायूंचा कोणता भाग रक्तावाचून तडफडतो आहे, हेही तो पुष्कळदा दाखवितो. म्हणून छातीत दुखणारा रुग्ण रुग्णालयात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत हा आलेख काढला जावा, असा आज दंडक आहे. परंतु त्याची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. तो त्या काही सेकंदांचे चित्र असतो. आपले गृहस्थ जर खुर्चीवर स्वस्थ बसले असतील, तर त्यांच्या अरुंद नळांतून विसाव्यापुरते रक्त व्यवस्थित वाहत असते, आणि पट्टी अगदी निर्दोष येते. झटक्याच्या आरंभीदेखील पहिला आलेख कधीकधी निर्दोष असतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा काढावा लागतो. 'ईसीजी चांगला आला, म्हणजे हृदय चांगले' हे समीकरण घातक आहे.

विसाव्याच्या वेळी जे दिसत नाही ते श्रमाच्या वेळी दिसावे, म्हणून सरकत्या पट्ट्यावर चालवून आलेख काढतात. पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढवीत नेतात. जिन्यावर जे घडते तेच येथे डॉक्टरांच्या नजरेखाली घडवून आणले जाते. ज्यांचे ठोके मधूनच चुकतात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सुरळीत होतात, त्यांच्या अंगावर चोवीस तास किंवा अधिक काळ एक छोटे यंत्र बांधून अखंड नोंद घेतात.

भिंती आणि दारे प्रत्यक्ष पाहण्याचे साधन म्हणजे इको. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर हे हृदयतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थविज्ञ ह्यांनी ही वाट पाडली. जहाजाच्या पोलादात कोठे चीर गेली आहे हे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी ओळखतात. तसले यंत्र एका गोदीतून मागून आणून त्यांनी ते हृदयावर रोखले. वाघूळ जसे आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात वाट काढते, तसे हे यंत्र भिंतींची हालचाल आणि झडपांची उघडझाप पडद्यावर दाखविते. त्यात वेदना नाही, क्ष-किरण नाहीत, आणि गर्भवती स्त्रीलाही त्यापासून धोका नाही. मात्र हृद्रोहिण्यांतील अडथळा ते सहसा थेट दाखवू शकत नाही. त्या अडथळ्यामुळे भिंतीचा कोणता भाग मंदावला, एवढेच सांगते.

नळ पाहावयाचे तर नळांतच शिरावे लागते. १९२९ साली वर्नर फोर्समान ह्या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची रबरी नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशा स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले. त्या वेळी त्याला बोल लागला. १९५६ साली त्याच कामासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स एका रुग्णाची महारोहिणी तपासत असता रंगद्रव्य अनपेक्षितपणे हृद्रोहिणीतच गेले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले; त्याला खोकावयास सांगताच ते पुन्हा चालू झाले. ज्या गोष्टीने मृत्यू ओढवेल असे सर्वांना वाटत होते ती सहन होऊ शकते, हे त्या अपघाताने कळले, आणि अँजिओग्राफीचा मार्ग खुला झाला. आज मनगटातील वा जांघेतील रक्तवाहिनीतून ही तपासणी होते, आणि जरूर असल्यास त्याच मार्गाने अडथळा दूर करून जाळी बसवितात.

झटक्याच्या निदानासाठी आणखी एक साधन आहे, ते रक्ताचे. हृदयाच्या स्नायूंना इजा झाली की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. पण त्याला काही वेळ लागतो. म्हणून पहिली तपासणी निर्दोष आली तरी काही तासांनी ती पुन्हा करतात.

सर्व तपासण्या सर्वांनी वर्षातून एकदा करून टाकल्या तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की, तपासणी प्रश्नाशिवाय केली तर तिचे उत्तरही फसवे ठरते. ज्याला काही तक्रार नाही, त्याच्या आलेखात एखादी निरुपद्रवी वाकडी रेघ सापडते आणि तो महिनोन्‌महिने भीतीत काढतो. उलट, ज्याच्या नळात अडथळा अजून लहान आहे तो निर्दोष कागद हाती घेऊन निर्धास्त होतो आणि विडी ओढीत राहतो. ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रक्तवाहिनीच्या आतील अस्तरात मेदाचा जो थर साचतो तो लहान असतानाही फुटू शकतो. त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पाहता पाहता वाहिनी बंद होते. अशा माणसाला झटक्यापूर्वी जिन्यावर कधी कळ आलेलीच नसते.

म्हणून निरोगी माणसाने वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे शोधावीत. हे प्रश्न कोणते, हे मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम ह्या गावाने जगाला शिकविले. १९४८ साली तेथील ५२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी सुरू झाली आणि वर्षानुवर्षे तिच्यात खंड पडला नाही. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ह्यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील रुग्णांच्या 'इंटरहार्ट' ह्या अभ्यासाने ह्या यादीला बळकटी दिली : तंबाखू, मधुमेह, पोटावरील चरबी, मनावरील ताण, भाज्या-फळांची उणीव, हालचालीचा अभाव. त्याच अभ्यासात असे दिसले की, भारत व शेजारच्या देशांतील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो. तेव्हा तिशी उलटलेल्या प्रत्येकाने आपला रक्तदाब आणि रक्तातील साखर किती आहे हे जाणून घ्यावे. त्याला फारसा खर्च नाही, आणि त्यातून जे कळते त्यावर उपाय करता येतो.

शेवटी त्या रात्रीविषयी, जिची सर्वांना भीती वाटते. छातीत दाबल्यासारखी कळ आली, ती विसाव्याने पंधरा-वीस मिनिटांतही थांबत नाही, घाम फुटला आहे, जीव घाबरा झाला आहे, अशा वेळी घरात चर्चा करू नये. पूर्ण बंद झालेल्या वाहिनीपुढील स्नायू अर्ध्या-पाऊण तासात मरू लागतात, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी विरघळविणारे औषध असो वा जाळी बसविणे असो, त्याचा खरा लाभ पहिल्या काही तासांत मिळतो. ११२ ह्या क्रमांकावर, आणि पुष्कळ राज्यांत १०८ वर, रुग्णवाहिका मागवावी. रुग्णाने जिना उतरून चालत जाऊ नये, स्वतः गाडी तर मुळीच चालवू नये. ॲस्पिरिनची गोळी डॉक्टरांनी सांगितल्यास चावून घ्यावी. रक्तस्रावाचा विकार किंवा त्या औषधाचे वावडे असल्यास ते आधी सांगावे. रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. रुग्णालयात गेल्यावर ते पित्तच निघाले, तर हसे होईल ही भीती मनातून काढून टाकावी. तसे निघाले तर त्याहून आनंदाची गोष्ट ती कोणती?

आपल्या गृहस्थांचे काय झाले? तिसऱ्या वेळी कळ आली तेव्हा त्यांची पत्नी बरोबर होती. तिने ओव्याची डबी पुढे केली नाही. ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांचा ईसीजी निर्दोष आला. तो पाहून गृहस्थ उठू लागले. पण डॉक्टरांनी त्यांना थांबवून विचारले, 'उभे राहिल्यावर किती वेळात थांबते?' गृहस्थांना हिंदी शब्द सुचेना. त्यांनी मूठ आवळून छातीवर धरली, आणि मग ती हळूहळू सैल करून दाखविली. त्या उत्तरावरून पुढील तपासणी ठरली, औषधे सुरू झाली, आणि जी रात्र कदाचित त्यांच्या घरावर आली असती ती येण्यापूर्वीच उपाय झाला.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील प्रत्येक पायरी रोज कोठे ना कोठे घडते. डॉक्टरांजवळची यंत्रे उत्तरोत्तर चांगली होत जातील. पण जिन्यावर, मध्यरात्री, स्वयंपाकघरात, जेथे कळ प्रथम येते, तेथे कोणतेही यंत्र नसते; तेथे आपण असतो, आणि आपल्या शेजारी आपले माणूस असते. त्याने सांगावे आणि आपण ऐकावे, निदानाला आरंभ होतो तो येथूनच.